चवथीची रजा

पहिल्या दिवशी शर्मिलाला काय शिकवलं, तर हात धुवायला. त्रेचाळीस वर्षांची बाई, सात वर्षं सासूचं अंथरुणातलं सगळं काढलेली, आणि तिला एक कालची पोर सांगतेय, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे! शर्मिला मनात म्हणाली, झाला, ह्याच्यासाठी मी तळेऱ्यासून कुडाळाक इलंय काय? पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पंचवीस जणींच्या वर्गात तिच्याएवढी दुसरी कोणी नव्हती. बाकीच्या सगळ्या अठरा-वीसच्या. पहिले आठ दिवस तर त्या तिलाच मॅडम समजून उभ्या राहत होत्या.

कोर्सचं नाव लांबलचक होतं, जनरल ड्युटी असिस्टंट. म्हणजे नर्सच्या हाताखालची बाई. रुग्णाला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, नाडी मोजून कागदावर लिहायची. तीन महिने वर्गात, तीन महिने इस्पितळात, मग बाहेरून परीक्षक येणार, आणि पास झालात तर शिक्क्याचं सर्टिफिकेट. त्या कागदावर कुठल्याही इस्पितळात नोकरी. गावातल्या आशाताईने फॉर्म आणून दिला तेव्हा शर्मिला तिच्या अंगावरच गेली होती. "माका आता शाळेत घालतंस?" म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही करून फॉर्म तिच्या घरी नेऊन दिला.

कारण घरात राहायचं म्हणजे काय राहायचं हो? नवरा, मंगेश, सहा वर्षांपूर्वी काविळीने गेला. मूलबाळ नाही. सासू आनंदीबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तोवर घरात निदान कण्हणं तरी होतं. त्यानंतर शर्मिला एकटी, एवढं मोठं घर, परड्यात काजू, आणि एक मांजर, तेसुद्धा जेवणापुरतं. दिवस दिवस माणसाशी बोलणं होत नसे. कधी फोनवर कंपनीची बाई कर्ज हवंय का विचारायची, तर तिच्याशीसुद्धा शर्मिला पाच मिनिटं बोलायची. हसू नका, खरं सांगतो.

वर्गात एक गोष्ट मात्र तिला लागली. मॅडम म्हणाल्या, रुग्णाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. आता मी तुम्हाला कुशीवर वळवते, आता पाठ पुसते. समोरचा बेशुद्ध असला तरी सांगायचं. शर्मिला त्या रात्री झोपली नाही. सात वर्षांत तिने सासूला कधी काही सांगितलं नव्हतं. यायची, वळवायची, पुसायची, जायची. म्हातारी दचकायची तर हिलाच राग यायचा. आता ते दचकणं आठवून तिला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गातल्या रबरी बाहुल्याला सांगूनच हात लावू लागली, आणि पोरी फिदीफिदी हसल्या तरी सोडलं नाही.

आता चवथीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. वर्षाचे तीनशे साठ दिवस जे घर गप्प असतं, ते चवथीचे पाच दिवस उघडतं. धाकटा दीर सुदेश, त्याची बायको प्राजक्ता, पोरं, चुलतभावंडं, सगळी मुंबईहून येतात. चौदा माणसं अंथरुणाला अंथरूण लावून झोपतात. चूल पहाटेपासून पेटलेली. "वयनी, खोबरा खंय आसा?" "वयनी, समई गावना नाय!" दिवसातून शंभरदा वयनी. शर्मिला कुरकुरायची, पाय दुखले म्हणायची, पण त्या पाच दिवसांवर ती वर्ष काढायची. कोर्सला आल्यावर तिने पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर कॅलेंडर.

इस्पितळातले तीन महिने नेमके चवथीवरून जात होते. रजेसाठी रांग. सगळ्याच पोरी कोकणातल्या, सगळ्यांच्याच घरी गणपती. अक्षया नावाची पोर तर रडून रडून लाल झाली. शेवटी इन्चार्ज सिस्टरने शर्मिलाला बोलावलं. "तुम्ही एकही खाडा केलेला नाही. तृतीयेच्या संध्याकाळपासून चार दिवस देते. पाचव्या दिवशी सकाळी आठला मला इथे दिसायला हव्यात." शर्मिलाने पिशवी त्याच दिवशी भरून ठेवली. अजून अकरा दिवस होते.

त्याच आठवड्यात सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारा आला. बाबली परब, वय चौऱ्याहत्तर, राहणार रेडी. दमा छातीत पार बसलेला. त्याला घेऊन आला तो हाफिज, शेजारी, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. नातेवाईक म्हणून सही त्यानेच केली. "मागेपुढे कोणी नाही का?" सिस्टरने विचारलं. "आम्ही आहोत ना," हाफिज म्हणाला. परब हे आडनाव वाचून शर्मिलाला काही वाटलं नाही. ती स्वतः परबच. ह्या जिल्ह्यात बाजारात 'ओ परब' म्हणून हाक मारा, निम्मा बाजार वळून बघेल.

म्हातारा तोंडाचा तिखट. पेज दिली की, "ही पेज नाय गो, भांडी धुयलेला पाणी." पुसायला गेली की, "हात कसले तुजे, बरफाचे!" पण शर्मिला आधी सांगून हात लावते हे त्याच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी दुसरी मुलगी पुसायला आली तर म्हणाला, "ती सांगान पुसणारी खंय गेली? तिका धाड."

चवथ जवळ आली तशी वॉर्डात गणपतीच्याच गोष्टी. कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा अकराचा. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटवी टांगतो, लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीची शिपटं, कवंडळं, रानातली फळं-फुलं बांधायची. बाबली एका संध्याकाळी आपणहून म्हणाला, "आमच्या माटवीची चौकट वाकडी. एक बाजू चार बोटां कमी. मियाच कापलंय ती, धा वर्सांचो होतंय. बापाशीन असो मारलेलो! पण दुसरी करूक दिली नाय. बापूस म्हणालो, असांदे, देवाक कळांदे कोणी कापल्यान ता."

शर्मिलाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. वीस वर्षं ती चौकट ती स्वतः टांगत होती. आखूड बाजूला काथ्याचा वेढा जास्त घालून सारखी करत होती. चौकट कोणी बिघडवली हे तिने लग्न झाल्यावर विचारलं होतं, तेव्हा सासरे दाजी पानावरून उठून गेले होते. मग सासूनेच हळूच सांगितलं, दाजींना एक भाऊ होता. काजूच्या बागेवरून दोघांचं वाजलं आणि तो घर सोडून गेला, कुठे तर बंदरावर कामाला. त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही.

"मी दाजी परबांची सून," शर्मिला म्हणाली. "मंगेशाची बायल."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. तसंच विचारलं, "दाजी आसा?" नाही म्हटल्यावर, "आनंदीवयनी?" नाही. "मंगेश?" शर्मिलाला तिसऱ्यांदा नाही म्हणवेना. तिने नुसती मान हलवली. "मगे घरात आसा कोण?" "मी," ती म्हणाली. "आनी चवथीक सुदेशभावजी येतत." हे ऐकल्यावर म्हातारा रडला. तोंडावर चादर ओढून घेऊन, आवाज न करता रडला.

ती तेव्हाच फोन लावायला निघाली होती. त्याने हात धरला. "आता नको गो. चवथीच्या तोंडार जुनी भांडणा घरात नको. चवथ होवंदे, मगे सांग. मगे येंवदे तेका, इलो तर." शर्मिलाला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. आमच्याकडे चवथीच्या आधी वाईट बातमी, जुना वाद, कोर्टाचं पाकीट, सगळं दाराबाहेर ठेवतात. तिने मनाशी ठरवलं, गावाला गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सगळे जेवून आडवे झाले की सुदेशला परड्यात बोलवायचं आणि समोरासमोर सांगायचं. आणि परत येताना त्याला बरोबरच आणायचं. काकाची खाट दाखवायची. तिने वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

तृतीयेला दुपारी साडेतीनला बाबलीची छाती भरली. डॉक्टर धावले, नळी घातली, इंजेक्शनं दिली. साडेचारला सगळं आटपलं. शर्मिलाची गाडी सहाची होती.

सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही निघा, हे अक्षया करेल." शर्मिला म्हणाली, "नाही सिस्टर, मी करते." पडदा ओढला. कोमट पाणी आणलं. "काकानू, हात लायतंय हां," ती म्हणाली. डोळे मिटले, हनुवटीखाली पट्टी बांधली, हातपाय सरळ केले, अंग पुसलं, नावाची चिठ्ठी पायाला बांधली. प्रत्येक गोष्ट सांगून केली. आणि हे सगळं करता करताच तिच्या लक्षात आलं की हा आपला चुलतसासरा, म्हणजे आपल्याला सुतक.

आता हे नीट समजून घ्या. भाऊबंदात कोणी गेलं की दहा दिवस सुतक, देवाला हात लावायचा नाही. गणपती तर आणायचाच नाही. आणि हे एका घरापुरतं नाही, वाडीतली अकरा घरं एकाच भाऊबंदकीची. पण सुतक लागतं ते कळल्यापासून. जोवर कानावर आलं नाही तोवर नाही. दहा दिवस उलटून कळलं तर तीनच दिवस. म्हणजे काय झालं? अकरा घरांचे गणपती शर्मिलाच्या जिभेवर येऊन बसले. ती घरी जाऊन बोलली, तर चौदा माणसं रिकाम्या पाटासमोर बसणार. न बोलता गेली, तर सुतकाच्या हाताने मोदक वळणार, आणि ते तिच्याने मरेपर्यंत झालं नसतं. उरलं एकच. जायचंच नाही.

हाफिज पाच वाजता गाडी घेऊन आला. खाटेशी उभा राहून त्याने डोळे पुसले. "अग्नी कोण देतलो?" शर्मिलाने विचारलं. "आळीतले चार जण आसत. सकाळी करतलंव. पडान ऱ्हवाचो नाय माणूस," तो म्हणाला. मग थांबून तिला म्हणाला, "येचो खंय कोण होतो काय, तुका कदी बोललो?" शर्मिलाने खाली बघितलं. एवढ्या वर्षांत ती खोटं फारसं बोललीच नव्हती, त्यामुळे तिला पटकन जमेना. "माका काय म्हायत नाय," ती शेवटी म्हणाली. हाफिज गेला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती.

मग तिने सिस्टरला सांगितलं, माझी रजा अक्षयाला द्या. सिस्टर बघतच राहिल्या. अक्षया तर तिच्या पाया पडली आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन पळाली. मग घरी फोन. प्राजक्ताने उचलला. मागे पोरांचा दंगा, कोणीतरी झांज वाजवून बघत होतं. "काय हो वयनी, गाडीत बसलात?"

"माका रजा गावली नाय गो."

"म्हणजे? काल तर म्हणालात मिळाली!"

"रद्द केल्यानी."

प्राजक्ता मुंबईत वाढलेली, मनात ठेवणारी नव्हे. "असं कसं हो? नोकरीसुद्धा नाही अजून, साधा कोर्स, आणि चवथीला घरी येता येत नाही? आम्ही एवढ्या लांबून येतो. मोदक कोण वळणार? मला जमतात का?" आणि मग जरा लागेलसं म्हणाली, "राहू दे. तुम्हाला आता घराची गरज नाही, असंच ना." शर्मिलाने फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ती रडली.

चवथीला वॉर्ड ओस पडला. ज्याला उचलून नेता येत होतं त्याला माणसांनी उचलून नेलं. वीस खाटांवर नऊ माणसं राहिली, ज्यांना हलवता येत नव्हतं ती, आणि ज्यांना नेणारं कोणी नव्हतं ती. हाताखालच्या दोघीच, शर्मिला आणि इल्मा. इल्मा वेंगुर्ल्याची, विशीतली, आपल्याला सण नाही म्हणून तिने आपणहून ड्युटी घेतलेली. दुपारी सिस्टरच्या घरून मोदकांचा डबा आला. इल्माने दोन खाल्ले आणि दोन शर्मिलासमोर धरले. शर्मिलाने हात मागे घेतला.

"कित्याक गो मावशी? उपास आसा?"

"सुतक आसा माका," शर्मिला म्हणाली. बोलून गेली. एवढ्या माणसांत हे तिने सांगितलं ते ह्या एका पोरीला.

"कोण गेला?"

"माजो चुलतसासरो. सात नंबर."

इल्माने डबा बंद केला आणि तिच्या शेजारी बाकावर बसली. त्या दिवशी संध्याकाळी पाच खाटांचं काम तिने एकटीने केलं.

दहा दिवस शर्मिलाने सगळं पाळलं. खोलीत चटईवर झोपली. मासळी बंद, केसाला तेल नाही, कोपऱ्यावरच्या देवळाची वाट सोडून लांबून फिरून इस्पितळात आली. गणपतीच्या पाचव्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुका फाटकासमोरून गेल्या तेव्हा ती मागच्या बाजूला चादरी मोजत बसली. घरच्या गणपतीचे फोटो सुदेशने सगळ्यांना पाठवले, तिलाही पाठवले. तिने ते उघडले नाहीत. सातव्या दिवशी प्राजक्ताचा एकच निरोप आला, घराला कुलूप लावलंय, चावी शेजारी. दहाव्या दिवशी शर्मिलाने डोक्यावरून पाणी घेतलं. तिला एका गोष्टीचा मात्र धीर होता. घरात सण झाला. पोरं नाचली. आपल्या एकटीच्या गप्प बसण्याने अकरा घरांत आरत्या झाल्या, आणि हे त्यांना आज ना उद्या कळेल.

अकराव्या दिवशी परीक्षा. परीक्षक पुण्याचा, चष्मेवाला, कंटाळलेला. प्रत्येकीला चिठ्ठी उचलायला लावत होता. शर्मिलाची चिठ्ठी निघाली, मृत रुग्णाची काळजी. ती रबरी बाहुल्याजवळ गेली, पडदा ओढला आणि म्हणाली, "हात लावते हां आता."

परीक्षकाने मान वर केली. "कोणाशी बोलताय?"

"पेशंटशी."

"पेशंट वारलाय, बाई."

"होय सर. हात लावण्याआधी सांगायचं असं पुस्तकात आहे. वारल्यावर सांगू नये असं कुठे नाही."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निकाल तोंडी सांगितला. शर्मिला मंगेश परब, उत्तीर्ण, वर्गात दुसरी. पोरींनी गलका केला, इल्माने मिठी मारली. शर्मिलाला हे सांगायला घरचं कोणी हवं होतं. शिवाय दहा दिवस उलटले होते, आता बोलायला हरकत नव्हती. व्हरांड्यात येऊन तिने सुदेशला फोन लावला. पास झाल्याचं आधी सांगितलं. तो बरं बरं म्हणाला.

"आनी एक सांगूचा आसा, भावजी," ती म्हणाली. "बाबलीकाको गेलो. रेडीक ऱ्हवायचो तो."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग सुदेश म्हणाला, "म्हायत आसा माका."

"कदी कळला?"

"चवथीच्या सकाळी. गणपती अजून पाटार बसवक नव्हतो. रेडीसून कोण हाफिज म्हणान, तेनी फोन केल्यान. काकाच्या डब्यात माजो नंबर गावलो म्हणालो. एकदा खूप वर्सांपूर्वी मी तेका भेटलंय, घरात कोणाक न सांगता. तेवा दिललंय. हाफिज म्हणालो, येतास तर आमी थांबतंव."

"मगे?"

"मगे काय, वयनी! घरात चौदा माणसा. पोरा सकाळपासून नवे कपडे घालून बसलेली. अकरा घरा बंद करू? तेका सांगलंय, तुमीच काय ता करून घेवा. प्राजक्ताक अजून म्हायत नाय."

शर्मिला व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिला राग आला. सुदेशचा राग, म्हाताऱ्याच्या 'मगे सांग'चा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तो कळून गणपतीपुढे उभा राहिला होता, भरल्या घरात. आणि ती न बोलता चादरी मोजत होती.

"तुका खंय कळला?" सुदेशने विचारलं.

"मी थंयच होतंय. माज्याच वॉर्डात गेलो तो. डोळे मीच मिटलंय तेचे. रजा होती माका, भावजी. तुमच्यार सुतक पडात म्हणान मी इलंय नाय."

फोनवर सुदेश रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. शर्मिलाने त्याला रडू दिलं. त्याचं थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसली.

"आता काय करू, वयनी?" तो म्हणाला. "तीन दिवस तरी सुतक धरू?"

"ता तुजा तू बघ," शर्मिला म्हणाली. "माजे धा दिवस झाले."